एक्स्पोर्टचा वेळ जातो कुठे?

एक्स्पोर्ट रेंगाळतो म्हटलं की पहिला सल्ला मिळतो नव्या ग्राफिक्स कार्डाचा, दुसरा रॅम वाढवण्याचा आणि तिसरा एसएसडी टाकण्याचा. हे सल्ले खोटे नाहीत. कुणाच्या ना कुणाच्या मशीनवर ते लागू पडलेले असतात, म्हणूनच टिकून आहेत. पण लग्नाच्या फिल्म करणारा एखादा तरुण अख्ख्या लग्नसराईची शिल्लक कार्डात घालतो आणि एक्स्पोर्टचा वेळ मात्र होता तेवढाच राहतो, असंही सर्रास घडतं. पैसे जातात ते जातातच, शिवाय आपल्या मशीनमध्ये नेमकं काय अडतंय हे त्याला तेव्हाही कळलेलं नसतं. खरं तर ते घरबसल्या, एक रुपया न घालवता कळू शकतं.

एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर बरीच वेगवेगळी कामं सुरू होतात. डिस्कवरून मूळ क्लिप उचलायची. कॅमेऱ्याने आवळून ठेवलेली चित्रं त्यातून मोकळी करायची, म्हणजे डिकोड करायची. त्यांच्यावर रंग, टायटल, ट्रान्झिशन, स्लो मोशन असे इफेक्ट चढवायचे. तयार झालेली फ्रेम पुन्हा आवळायची, म्हणजे एन्कोड करायची, आणि शेवटी फाइलमध्ये लिहायची. एक फ्रेम पुढच्या टप्प्यावर गेली की मागून दुसरी येते, त्यामुळे ही सगळी कामं जवळजवळ एकाच वेळी चालू असतात. घरी पाहुण्यांसाठी पोळ्या करताना एक जण लाटते आणि दुसरी भाजते, तसंच हे. लाटणारीचा हात मिनिटाला दोन पोळ्यांचा असेल तर तवा कितीही मोठा आणा, ताटात दोनच पोळ्या पडणार. संगणकाच्या कामाला हा हिशेब कसा लागू होतो ते जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलं. तासाभराच्या कामातला जो भाग १२ मिनिटं खातो तो अगदी शून्यावर आणला, तरी उरलेली ४८ मिनिटं जागची हलत नाहीत.

म्हणून आधी तपास करायचा. टाइमलाइनवरचा सगळ्यात जड वाटणारा एक मिनिटाचा तुकडा इन आणि आउट लावून निवडा. तो आधी नेहमीच्या सेटिंगवर एच.२६४ मध्ये एक्स्पोर्ट करा आणि वेळ लिहून ठेवा. मग तोच तुकडा प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये काढा. हे कोडेक फाइल मोठी बनवतात, पण मशीनला फार दमवत नाहीत. वेळ बराच उतरला तर अडचण एन्कोडमध्ये आहे. फारसा फरक पडला नाही तर टाइमलाइनची एक प्रत काढून तिच्यावरचे सगळे इफेक्ट उतरवा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा. आता वेळ एकदम खाली आला तर भार इफेक्टचा आहे. तरीही तो तसाच राहिला, तर मशीन मूळ फुटेज उलगडण्यातच अडकलंय असं समजावं.

हे चालू असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा ठेवावा. त्यात ग्राफिक्स कार्डाच्या पानावर व्हिडिओ एन्कोड आणि व्हिडिओ डिकोड असे स्वतंत्र आलेख दिसतात. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि एन्कोडचा आलेख शून्यावर, असं दिसलं तर सगळी मेहनत प्रोसेसर एकटाच करतोय. आठ कोअरचा प्रोसेसर १२-१३ टक्क्यांवर घुटमळत असेल आणि कार्डही शांत असेल, तर बहुधा एकाच कोअरवर चालणारा एखादा जुना प्लगइन सगळ्यांना अडवून बसलाय. अशा वेळी दुप्पट कोअरचा प्रोसेसर आणूनही हाती काही लागत नाही.

एन्कोडला इतका वेळ का लागतो, हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम साधारण ६२ लाख बाइटची झाली. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या हिशेबाने सेकंदाला १५५ एमबी, आणि एका तासाला ५६० जीबी. यूट्यूब फुल एचडीसाठी सेकंदाला ८ मेगाबिटचा बिटरेट सुचवतं. त्या बिटरेटला तासाभराची फाइल होते साधारण ३.६ जीबीची. म्हणजे १५५ भागांतला एक भाग ठेवायचा, बाकीचे १५४ सोडून द्यायचे, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना ते जाणवता कामा नये. मला हे आजच्या तंत्रज्ञानातलं एक फार मोठं कर्तृत्व वाटतं, आणि त्याच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेला एक माणूस आहे. नासिर अहमद यांनी अमेरिकेत प्राध्यापक असताना चित्रातली माहिती लहरींच्या बेरजेत मांडण्याची एक पद्धत सुचवली. तशी मांडली की डोळ्यांना न जाणवणारे बारकावे वेगळे काढून टाकता येतात. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं होतं. ते मिळालं नाही. तरी त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरचा निबंध प्रसिद्ध केला. जेपेग फोटोपासून एच.२६४ पर्यंत सगळीकडे हीच पद्धत किंवा तिच्यातून निघालेली रूपं वापरली जातात.

पण प्रोसेसरचा घाम निघतो तो या रूपांतरात नाही, शोधात. व्हिडिओतल्या लागोपाठच्या फ्रेम बऱ्याचशा सारख्या असतात. नवरी दोन पावलं पुढे सरकली तरी मागचा मंडप तोच असतो. म्हणून एन्कोडर फ्रेमचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये कुठे सापडतो का ते बघतो. सापडला तर पूर्ण चित्र साठवण्याऐवजी तो किती सरकला एवढीच नोंद ठेवायची. आता हा शोध किती दूरवर घ्यायचा, किती फ्रेममध्ये डोकवायचं, किती पर्याय तपासायचे, याला अंत नाही. एक्स२६४ या प्रसिद्ध मोफत एन्कोडरमध्ये अल्ट्राफास्टपासून प्लसीबोपर्यंत १० पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यातला मुख्य फरक या शोधाच्या चिकाटीचाच आहे. शेवटच्या पायरीला प्लसीबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, हे नाव बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक दिलंय: तिथे वेळ भरपूर जातो आणि फायदा जवळजवळ फक्त मनाचा होतो. टू-पासचंही तसंच. फाइल ठरावीक आकारात बसवायची असेल तरच तो घ्यावा, कारण त्यात एन्कोडर सगळी फिल्म दोनदा चाळतो.

हा शोध सिलिकॉनमध्येच कोरून टाकला तर? इंटेलने २०११ मध्ये प्रोसेसरबरोबर क्विक सिंक दिलं, एनव्हिडियाने २०१२ मध्ये ग्राफिक्स कार्डात एनव्हेंक आणलं, आणि ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपमध्ये असे विभाग पहिल्यापासून आहेत. त्यांना व्हिडिओशिवाय दुसरं काही करता येत नाही, पण एन्कोडिंग ते कितीतरी पटींनी लवकर आणि कमी विजेत उरकतात. यूट्यूबलाही याच वाटेने जावं लागलं. गुगलने २०२१ मध्ये व्हिडिओ आवळण्यासाठीच घडवलेल्या स्वतःच्या चिपची माहिती जाहीर केली, आणि ती आधीच्या यंत्रणेपेक्षा २० ते ३३ पट कार्यक्षम असल्याचं सांगितलं.

हार्डवेअर एन्कोडिंगने चित्र बिघडतं, अशी एक समजूत एडिटर मंडळींमध्ये अजून घट्ट आहे. तिच्यात तथ्य आहे, पण मर्यादित. बिटरेट अगदी कमी ठेवला तर संथ सेटिंगवरचा सॉफ्टवेअर एन्कोडर आजही सरस ठरतो. तासाभराचा कार्यक्रम अगदी लहान फाइलमध्ये बसवायचा असेल तर त्याच्याकडेच जावं. पण यूट्यूबवर टाकायची फाइल तिथे गेल्यावर पुन्हा आवळली जाणारच आहे. तिच्यासाठी बिटरेट थोडा मोकळा ठेवून हार्डवेअर एन्कोडिंग वापरणं हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. प्रीमिअरमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असा पर्याय असतो. तो प्रत्येक वेळी नजरेखालून घालावा, कारण काही सेटिंग निवडली की तो गुपचूप सॉफ्टवेअरवर जातो. टू-पास निवडल्यावर असं अनेकदा होतं. दहा-बिट एच.२६४ मागितलं तरी होतं, कारण बहुतेक कार्डांना ते जमतच नाही. दहा-बिट हवं असेल तर एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, निवडावं.

डिकोडबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं, आणि माझ्या मते कार्डात घातलेले सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. मोबाइल आणि मिररलेस कॅमेरे फुटेज एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्येच साठवतात, म्हणजे आवळलेल्या अवस्थेत. त्यात पूर्ण चित्र असलेली फ्रेम अधूनमधून एखादीच असते, मधल्या सगळ्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमच्या आधाराने उभ्या असतात. गाण्याच्या ठेक्यावर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला कट मारलेला मोंताज एक्स्पोर्ट होताना दर कटला डिकोडरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जावं लागतं, तिथून पुढच्या फ्रेम उलगडत यावं लागतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा टाकून द्याव्या लागतात. बारा फ्रेम हव्या असताना तीस-चाळीस उलगडल्या जाऊ शकतात.

त्यात फुटेज ४:२:२ दहा-बिट, म्हणजे रंगांची माहिती नेहमीपेक्षा जास्त साठवणारं, असेल तर परिस्थिती आणखी अवघड होते. रंगांवर काम करायला हे फुटेज उत्तम, म्हणून आजचे कॅमेरे ते अभिमानाने देतात. पण एनव्हिडियाच्या कार्डांना ते हार्डवेअरमध्ये उलगडता येऊ लागलं २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीचं कितीही महागडं कार्ड असलं तरी हा भार प्रोसेसरवरच येतो. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या क्विक सिंकला एचईव्हीसी ४:२:२ जमतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मशीन जुळवून घेताना हजार-दोन हजार वाचावेत म्हणून पुष्कळ जण नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल प्रोसेसर घेतात. त्यात ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो, म्हणजे क्विक सिंकही नाही. अशा मशीनवर कार्ड बदलूनही एक्स्पोर्ट जागचा का हलला नाही, याचं उत्तर बऱ्याचदा या एका अक्षरात असतं.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचं फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडू शकेल असं मशीन घेणं. दुसरा म्हणजे एडिटिंगला बसण्याआधी, रात्रीतून, सगळं फुटेज प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये रूपांतरित करणं. या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे मागे धावावं लागत नाही. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. फुल एचडीचं प्रोरेस ४२२ तासाला सुमारे ५५ जीबी खातं, आणि फोर-के असेल तर त्याच्या चौपट. प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, बनवल्याने मात्र एक्स्पोर्ट लवकर होत नाही. प्रॉक्सी एडिट करताना हात मोकळा ठेवतात, पण एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फुटेजकडेच परततं.

इफेक्टच्या बाबतीत कोणते इफेक्ट जड हे ओळखता आलं की निम्मं काम झालं. साधं कलर करेक्शन आजच्या कार्डाला जाणवतही नाही. जड असतो तो नॉइज रिडक्शन, विशेषतः आजूबाजूच्या फ्रेम ताडून बघणारा. फोर-केची एक फ्रेम ३२-बिट अचूकतेत ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत सुमारे १३३ एमबी जागा घेते. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फ्रेम घेऊन तुलना करायची तर नुसती चित्रं धरायलाच साडेसहाशे एमबीच्या वर लागतात, आकडेमोड वेगळीच. त्याखालोखाल ऑप्टिकल फ्लोचा स्लो मोशन, कारण तिथे कॅमेऱ्याने न टिपलेल्या फ्रेम नव्याने रचाव्या लागतात. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते म्हणजे फोटो. लग्नाच्या फिल्ममध्ये २४ मेगापिक्सेलचे फोटो तसेच टाकले जातात. फुल एचडीच्या टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेमला सॉफ्टवेअर ६००० गुणिले ४००० चं चित्र १९२० गुणिले १०८० मध्ये बसवत राहतं. झूमला थोडी जागा सोडून ते आधीच लहान करून घेतले तर दृश्यात काहीही कमी होत नाही.

प्रीमिअरच्या इफेक्ट पॅनेलमध्ये ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या इफेक्टसमोर एक छोटं चिन्ह असतं. ते नसलेला एक इफेक्ट साखळीत आला की फ्रेम कार्डावरून प्रोसेसरकडे आणावी लागते आणि पुन्हा वर न्यावी लागते. असा इफेक्ट टाळता येत नसेल तर तेवढी क्लिप प्रीमिअरमध्ये रेंडर अँड रिप्लेस किंवा रिझॉल्व्हमध्ये रेंडर इन प्लेस करून टाकावी. मॅक्झिमम रेंडर क्वालिटीची खूणही अनेक जण सवयीने करतात. ग्राफिक्स कार्डाचं प्रवेगन चालू असेल तर चित्र लहान-मोठं करण्याचं काम तसंही वरच्या दर्जानेच होत असतं, त्यामुळे त्या खुणेची गरज नसते.

एवढं सगळं सांगूनही, वेळ वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा एका एक्स्पोर्टच्या आत नाही, असं मला ठामपणे वाटतं. ती आहे पुन्हा पुन्हा होणाऱ्या एक्स्पोर्टमध्ये. फिल्म तयार होते, घरच्यांना दाखवली जाते आणि मग कळतं की टायटलमध्ये मामांच्या नावातली वेलांटी चुकली आहे. तीन सेकंदांच्या दुरुस्तीसाठी अडीच तासांची फिल्म पुन्हा रेंडरला टाकली जाते. त्यानंतर यूट्यूबसाठी एक, पेनड्राइव्हसाठी एक, मोबाइलसाठी एक, आणि प्रत्येक वेळी तोच नॉइज रिडक्शन पहिल्यापासून.

त्याऐवजी पहिला एक्स्पोर्ट प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये करावा आणि त्याला मास्टर मानावं. सगळे जड हिशेब त्यात एकदाच होऊन जातात. बाकीच्या प्रती या मास्टरवरून काढायच्या. तिथे उलगडायला सोपं फुटेज आणि इफेक्ट शून्य, त्यामुळे काम झपाट्याने होतं. मामांचं नाव दुरुस्त करायचं तर मास्टर टाइमलाइनवर ठेवायचं, तेवढ्या तीन सेकंदांवर नवा तुकडा बसवायचा आणि त्याच कोडेकमध्ये, त्याच सेटिंगवर पुन्हा काढायचं. प्रीमिअरमध्ये याला स्मार्ट रेंडरिंग म्हणतात. ज्या फ्रेम बदललेल्या नाहीत त्या पुन्हा न आवळता जशाच्या तशा उचलल्या जातात, आणि काम जवळजवळ फाइल कॉपी होण्याच्या वेगाने संपतं. एडिट करताना चहाला उठलं की टाइमलाइन त्याच कोडेकमध्ये प्रीव्ह्यू रेंडर करून ठेवावी आणि एक्स्पोर्टमध्ये यूज प्रीव्ह्यूज निवडावं, तर पहिलं मास्टरही लवकर निघतं.

बिटरेट आणि आकार यांबद्दल थोडक्यात. फुल एचडीला ५०-१०० मेगाबिटचा बिटरेट देऊन यूट्यूबवर हाती काही लागत नाही, अपलोड मात्र लांबतं. फुल एचडी फुटेज फोर-के करून काढणं म्हणजे चौपट पिक्सेलचं ओझं. मोठ्या आकाराच्या व्हिडिओला यूट्यूब बऱ्याचदा अधिक चांगला कोडेक देतं म्हणून काही जण ते जाणूनबुजून करतात, आणि ते समजून-उमजून असेल तर ठीकच आहे.

लॅपटॉपवाल्यांनी उष्णतेकडे बघायलाच हवं. एप्रिल-मेची लग्नसराई आणि विदर्भातलं ४५ अंशांचं ऊन एकदमच येतं. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि पहिली दहा मिनिटं धावणारा एक्स्पोर्ट मग रांगू लागतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालून हवा खेळू द्यावी, वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढून घ्यावी. चार्जर लावलेलाच असावा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप आपली ताकद आखडती घेतात.

शेवटचा टप्पा लिहिण्याचा. २० मेगाबिटची फाइल सेकंदाला फक्त अडीच एमबी लिहिते. जुनी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास सहज पेलते. त्यामुळे एच.२६४ च्या कामात एसएसडीने एक्स्पोर्टला फारसा वेग येत नाही. ती हवी मल्टिकॅमसाठी किंवा फोर-के प्रोरेससाठी. या टप्प्यावर धोका आहे तो वेगळाच. एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते. ९५ टक्क्यांवर वीज गेली तर डिस्कवर पडलेल्या त्या फाइलमधलं काहीही सहजासहजी चालत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भारनियमनाच्या भागात, यूपीएस असला तरी, लांब फिल्म हळद, विधी, स्वागत समारंभ अशा भागांत काढावी. भाग एकाच सेटिंगवर काढलेले असतील तर एफएफएमपेगने ते पुन्हा एन्कोड न करता काही मिनिटांत जोडता येतात. पेनड्राइव्हवर द्यायचे असतील तर जोडूही नयेत. टीव्हीवर चालावा म्हणून पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ८ मेगाबिटच्या बिटरेटला ती मर्यादा सत्तर मिनिटांच्या आसपास येते, तेव्हा प्रत्येक भाग तासाभराच्या आत ठेवावा.